उन्हाची नाणी विकणाऱ्या साहेबांना खुले पत्र

साहेब,

तुमचा फोन बंद आहे. ऑफिसच्या शटरला कुलूप आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आता फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येते आणि अ‍ॅडमिन तुम्हीच. तेव्हा जे तोंडावर बोलायचे होते, ते असे उघड्यावर लिहितो आहे. तुमचे नाव इथे घालत नाही. ते तक्रारअर्जात घातले आहे, तिथेच ते शोभते.

मी घरांवर सोलर बसवतो. स्ट्रक्चर उभे करायचे, पॅनेल चढवायचे, केबल ओढायची, अर्थिंगचे खड्डे घ्यायचे, महावितरणचा अर्ज भरायचा, नेट मीटर लागेपर्यंत हेलपाटे घालायचे, हे माझे रोजचे काम. सांगली-मिरज पट्ट्यातल्या माणसाच्या गळी सोलर उतरवायला आमच्यासारख्यांना वर्षे लागली. गारा पडल्या तर काय, पावसाळ्यात काय, वानरांनी नाच केला तर काय, असे शंभर प्रश्न. एकेका घराचे आधीचे आणि नंतरचे बिल समोर ठेवून लोकांचा विश्वास बसवला. आता सर्व्हेला एखाद्या घरी गेलो की दारातच विचारतात, ‘तुम्ही त्या नाणेवाल्यांपैकी का?’ लोकांचे पैसे तुम्ही नेलेत तो एक गुन्हा. हा प्रश्न आमच्या कपाळी लिहून गेलात, तो दुसरा.

तुमची योजना मी ऐकलेली आहे. हॉटेलच्या त्या थंडगार हॉलमध्ये मी मागच्या रांगेत बसलो होतो. घरावर ५ किलोवॅटचा संच बसवायचा. संचासोबत तुमची एक पेटी. पेटी पॅनेलच्याच विजेवर चालणार, तिचा वेगळा खर्च शून्य. पॅनेलने तयार केलेल्या प्रत्येक युनिटमागे दोन नाणी मोबाइलमधल्या पाकिटात जमा होणार. नाण्याचा आजचा भाव २५ रुपये, दिवाळीपर्यंत शंभर. ५ किलोवॅटची दिवसाला २० युनिट, २० युनिटांची ४० नाणी, ४० नाण्यांचे हजार रुपये. महिन्याला ३० हजार. संचाची किंमत साडेचार लाख, म्हणजे पंधरा महिन्यांत पैसे वसूल आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे फक्त मोजत बसायचे. तीन ओळखीचे आणलेत तर तुम्ही ‘लीडर’, आणि लीडरला वर आणखी नाणी.

या सगळ्यात एक आकडा खरा होता आणि तोच तुम्ही सर्वांत मोठ्या अक्षरांत दाखवलात. आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देते. ५ किलोवॅट, २० युनिट. बरोबर. ज्यांना थोडे कळत होते त्यांनी हा आकडा तपासला, तो बरोबर निघाला, आणि म्हणून पुढचेही सगळे बरोबर असेल असे त्यांनी धरले. खऱ्याला खोटे कुठे जोडायचे हे तुम्हाला नेमके माहीत होते. अडाण्यांना तुम्ही फसवलेत असे लोक म्हणतात, ते चूक आहे. तुम्ही हिशेब करणाऱ्या माणसांना फसवलेत.

तर हिशेबच करू. युनिटमागे दोन नाणी, नाण्याला २५ रुपये, म्हणजे एका युनिटला ५० रुपये. महावितरण घरगुती ग्राहकाला वीज देते, तेव्हा सगळे आकार, वहन, शुल्क धरूनही मधल्या स्लॅबला युनिटचा दर याच्या जवळपासही जात नाही. मग ५० रुपये देणारा कोण होता? आणि त्या ५० रुपयांत त्याला मिळत काय होते? वीज तर त्याला मिळतच नव्हती. वीज घरात वापरली जात होती, नाहीतर तारेतून बाहेर जात होती. युनिट एकाकडे, पैसे दुसऱ्याचे, आणि पैसे देणाऱ्याला त्या बदल्यात काहीच नाही. असा व्यवहार कुठल्या बाजारात चालतो, ते हॉलमध्ये कुणीतरी विचारायला हवे होते. एका मुलाने विचारलेही. त्यावर तुम्ही म्हणालात, परदेशी कंपन्या हरित विजेसाठी वाटेल तो भाव देतात.

साहेब, हरित विजेच्या ‘हरितपणा’चा भाव आपल्या देशात उघड बाजारात ठरतो. २०१० पासून नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रे आहेत. एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॅट-तास, म्हणजे १,००० युनिट. वीज एक्स्चेंजवर त्याची खरेदी-विक्री होते आणि भाव कुणालाही पाहता येतो. अलीकडच्या वर्षांत तो हजार रुपयांच्या आसपास आणि पुढे त्याहून बराच खाली राहिला आहे. हजार युनिटांना हजार रुपये धरले तरी युनिटला एक रुपया. तुम्ही त्याच हरितपणाचे ५० सांगत होतात. वरचे ४९ रुपये कुठल्याही परदेशी कंपनीचे नव्हते. ते पुढच्या रांगेत बसलेल्या, चेकबुक घेऊन आलेल्या माणसाचे होते.

मला सर्वांत जास्त राग याचा आहे की ही कल्पना मुळात वाईट नव्हती. ज्यांनी ती प्रामाणिकपणे केली त्यांच्या कामाचा तुम्ही मुखवटा केलात. निक गोगर्टी आणि जोसेफ झिटोली या दोघांनी २०११ मध्ये विजेच्या उत्पादनावर आधारलेल्या चलनाची कल्पना मांडली. त्यातून जानेवारी २०१४ मध्ये सोलरकॉइन आले. नियम साधा होता. सौर पॅनेलने १,००० युनिट वीज तयार केली की एक नाणे. त्यासाठी त्यांच्याकडून पॅनेल घ्यावे लागत नव्हते, पेटी घ्यावी लागत नव्हती, सभासद जोडावे लागत नव्हते. संच कुठे बसवला, केवढा आहे, मीटरने किती युनिट नोंदवली, याचे कागद द्यायचे. ते पटले की नाणे फुकट मिळायचे. ते बक्षीस होते, गुंतवणूक नव्हती.

आता त्याचा हिशेब करा. ३ किलोवॅटचा संच आपल्याकडे वर्षाला ४,००० युनिटांच्या आसपास देतो. म्हणजे वर्षाला चार नाणी. २०१८ च्या सुरुवातीला क्रिप्टोला उधाण आले, तेव्हा एका सोलरकॉइनचा भाव डॉलरच्या वर गेला होता. त्या दिवसांत विकली असती तरी वर्षभराच्या उन्हाचे काही डॉलर आले असते. नंतर भाव सेंटांवर उतरला. जगात सर्वाधिक गाजलेले, सर्वांत प्रामाणिकपणे चालवलेले सौर नाणे घराला एवढेच देऊ शकले, आणि तुम्ही १,००० युनिटांना २,००० नाणी वाटत होतात. सोलरकॉइनचे नाव तुमच्या माहितीपत्रकात ठळक होते. ‘एका नाण्याला हजार युनिट’ हा त्याचा नियम मात्र तुम्ही कुठेही छापला नाहीत.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २०१६ च्या एप्रिलमध्ये एका घराच्या छतावरची जादा वीज रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याने विकत घेतली आणि त्या व्यवहाराची नोंद ब्लॉकचेनवर झाली. आपल्याकडे लखनऊमध्येही ऑस्ट्रेलियाच्या पॉवर लेजरने तिथल्या वीज वितरण यंत्रणेसोबत छतावरची वीज शेजाऱ्याला विकण्याचा प्रयोग केला. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. युनिट एका घरातून निघून दुसऱ्या घरात गेले, दोन्हीकडे मीटर होते आणि पैसे देणाऱ्याला वीज मिळाली. ब्लॉकचेन तिथे हिशेबाची वही आहे. तुम्ही वही विकलीत. दुकान नव्हतेच.

या वहीबद्दल तुम्ही हॉलमध्ये जे बोललात त्याचाही समाचार घेतला पाहिजे. ‘ब्लॉकचेनमध्ये खोटे चालतच नाही.’ हे वाक्य तुम्ही पुन्हापुन्हा म्हणालात आणि माणसे माना डोलावत होती. खरे एवढेच आहे की साखळीत एकदा लिहिलेली नोंद मागाहून कुणाला गुपचूप बदलता येत नाही. पण लिहिताना ती खरी होती की खोटी, हे साखळीला कसे कळणार? पॅनेलला ऊन लागले की नाही, हे तिला दिसत नाही. ते सांगणारे मीटर लागते, आणि ते मीटर कुणाच्या ताब्यात आहे यावर सगळे अवलंबून असते. मीटर खोटे बोलले तर ब्लॉकचेन ते खोटे जन्मभर जपून ठेवते. म्हणून माझे सगळे लक्ष तुमच्या पेटीवर होते.

ती पेटी मी उघडली आहे.

आमच्या शाळेच्या एक बाई आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या. निवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या रकमेतून त्यांनी तुम्हाला साडेचार लाख दिले. बँकेतून दिले, पावती घेतली, पाचशेच्या मुद्रांकावर करार केला. आयुष्यभर मुलांना गणित शिकवलेल्या बाईने जेवढी काळजी घ्यायची तेवढी घेतली. तुम्ही त्यांच्या छतावर नऊ पॅनेल लावलीत. महिने गेले, नाणी मोबाइलमध्ये वाढत राहिली, विकायला गेले की ‘केवायसी प्रक्रियेत आहे’ असा निरोप यायचा. शेवटी त्यांनी मला बोलावले. त्यांचे म्हणणे नाण्यांबद्दल नव्हतेच. त्या म्हणाल्या, ‘अरे, सोलर बसवल्यापासून माझे लाइटबिल वाढले आहे. हे कसे होते, ते मला समजावून सांग.’

पेटी जिन्याखाली भिंतीला लावली होती. काळा पत्रा, वर सूर्याचे चित्र, हिरवा दिवा लुकलुकत होता. चार स्क्रू काढले. आत मोबाइलच्या चार्जरसारखा एक अडॅप्टर, सिमकार्ड घातलेला एक राउटर आणि दिव्याची एक छोटी पट्टी. बस्स. आउटपुटच्या तारेवर अडकवून करंट मोजायची ती कडी असते ना, ती नव्हती. इन्व्हर्टरकडे जाणारी डेटा वायर नव्हती. इन्व्हर्टरचा स्वतःचा वायफाय डोंगल खोक्यातून बाहेरसुद्धा काढलेला नव्हता. म्हणजे पॅनेलने किती युनिट तयार केली, हे त्या पेटीला कळायचा काही मार्गच नव्हता. आणि ‘पॅनेलच्याच विजेवर चालणारी’ पेटी घराच्या साध्या प्लगमध्ये खोचलेली होती. बाईंच्याच बिलावर ती चालत होती.

मी तिथे पोहोचलो तेव्हा दिवस मावळून बराच वेळ झाला होता. बाईंनी मोबाइल पुढे केला. बाहेर अंधार, छतावर पॅनेल गार पडलेली, आणि तुमच्या अ‍ॅपवर ‘आजचे उत्पादन’ या रकान्यातला आकडा आमच्या डोळ्यांदेखत सरकत होता. नाणी वाढत होती. मी पेटीचा प्लग काढला. दिवा विझला. आकडा सरकतच राहिला. रात्री ऊन कुठून आणत होतात, साहेब? एवढे तरी सांगा. लोकांना फसवताना सूर्य मावळतो हेही लक्षात ठेवायचा कंटाळा तुम्ही केलात, कारण समोरचा माणूस कधी तपासणारच नाही याची तुम्हाला खात्री होती. तुमच्या लेखी आमची किंमत किती होती, ते मला त्या आकड्यावरून कळले.

आता लाइटबिलाचे. इन्व्हर्टर तुम्ही ऑन-ग्रिड लावलात, बॅटरी नाही. त्याला नेट मीटर लागते आणि त्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा लागतो. तुम्ही अर्ज केलाच नाही. बाईंना सांगितलेत, ‘आपला संच स्वयंपूर्ण आहे, परवानगी लागत नाही.’ घरात एकटी बाई, महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिटांचा वापर. त्यावर ५ किलोवॅट. दुपारी पंखा, फ्रिज आणि फार तर मिक्सर. बाकी सगळी वीज तारेतून बाहेर. आणि घराचे जुने मीटर एकेरी. अशी कितीतरी इलेक्ट्रॉनिक मीटर वीज आत येते आहे की बाहेर जाते आहे हे पाहत नाहीत, दोन्ही वापर म्हणूनच मोजतात. बाईंच्या पॅनेलची वीज बाहेर जात होती आणि तिचेही बिल बाईच भरत होत्या. वरून हे सगळे बेकायदा. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला कुठल्या घरातून वीज मागे येऊ शकते हे माहीत असावे लागते, म्हणून ती परवानगी असते. वायरमनच्या जिवाचा प्रश्न आहे तो.

तुम्ही नेट मीटर का टाळलेत, हे मला त्या रात्री पुरते उमगले. नेट मीटर लागले असते तर दर महिन्याच्या बिलावर छापून आले असते की किती युनिट आत आली आणि किती बाहेर गेली. तुमच्या अ‍ॅपच्या आकड्याशेजारी ठेवायला दुसरा आकडा घरात आला असता. तुम्हाला मोजणारा दुसरा माणूसच नको होता.

त्याच कारणाने तुम्ही लोकांना सरकारी अनुदानापासून दूर ठेवलेत, आणि हे फार कमी लोकांना अजून कळले आहे. पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये. पैसे थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येतात. पण त्याला पोर्टलवर नोंद लागते, नोंदणीकृत विक्रेता लागतो, देशात बनलेल्या सेलचे पॅनेल लागते, नेट मीटर लागते, तपासणी लागते. यातले एकही तुम्हाला परवडणारे नव्हते. बाईंच्या छतावरच्या पॅनेलच्या मागची लेबले मी पाहिली. सिरियल नंबर खरवडलेले आहेत. एका पॅनेलच्या कोपऱ्यात पाणी शिरून चौकटीजवळची काच आतून पांढरी पडली आहे. दोन पॅनेलवर पाण्याच्या टाकीची सावली दुपारी तीननंतर सरळ पडते, आणि एकाच स्ट्रिंगमध्ये असल्यामुळे ती सावली बाकीच्यांनाही मागे ओढते. टाकीच्या सावलीत पॅनेल कधी लावत नाहीत, हे आमच्याकडे कामाला आलेल्या नव्या पोरालाही पहिल्या आठवड्यात कळते. पण तुम्हाला वीज हवी कुठे होती? तुम्हाला फोटो हवा होता.

बाईंना खरे तर किती लागले असते? १ किलोवॅट, फार तर दीड. महिन्याला त्यांच्या वापराएवढी वीज त्यातून निघाली असती. दुपारची जादा युनिट महावितरणच्या खात्यात जमा राहून रात्रीच्या वापरातून वळती झाली असती, या महिन्याची उरलेली पुढच्या महिन्यात गेली असती. बिल स्थिर आकारावर आले असते. तुमच्या साडेचार लाखांतला लहानसा हिस्सा पुरला असता, त्यातलाही काही भाग अनुदान म्हणून परत आला असता. सौर युनिटची जी कमाई आहे ती हीच. जे युनिट विकत घ्यावे लागले असते, ते घ्यावे लागत नाही. तिला नाण्याची गरज नाही, अ‍ॅपची गरज नाही, दिवाळीपर्यंत थांबायची गरज नाही. पुढच्या महिन्याच्या बिलात ती छापून येते. ही सरळ कमाई लोकांना दाखवायची सोडून तुम्ही ती लपवलीत, कारण ती दाखवली असती तर तुमचे नाणे कुणी घेतले नसते.

पोरांना शिकण्यासाठी खरेच सौर नाण्याचा प्रयोग करायचा असेल तर तो होतो, आणि मी तो करणाऱ्यांना मदत करतो. सोलरकॉइनने सुरुवातीची खाणकामाची पद्धत पुढे सोडून दिली, त्यामुळे त्याचे जाळे चालवायला मोठी यंत्रे लागेनाशी झाली. हातात मावणारा ५ वॅटचा संगणक दिवसरात्र चालवला तरी दिवसाला १२० वॅट-तास लागतात. १०० वॅटचे एक पॅनेल, चार्ज कंट्रोलर, १२ व्होल्टची ३० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी. ढगाळ हवेतही दोन-तीन दिवस निघतात. शेजारी करंट मोजणारे एक स्वस्त मॉड्यूल लावले की पोरांना वीज कशी मोजतात ते कळते, चार्ज कंट्रोलर काय करतो ते कळते, नोंदीवर सही कशी होते ते कळते. शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कमाई नाही, आणि हे मी त्यांना पहिल्याच वाक्यात सांगतो.

‘आमची पेटी मायनिंग करते’ असेही तुम्ही कुठेकुठे सांगितलेत. बिटकॉइनचे एक बऱ्यापैकी मायनिंग यंत्र, एस-१९ प्रो, ३,२५० वॅट खाते. दिवसरात्र चालवले तर ७८ युनिट. तुमचा ५ किलोवॅटचा संच देतो २०. म्हणजे दिवसाला सहा तास यंत्र चालणार, आणि तेही साऱ्या जगातल्या मोठमोठ्या खाणींशी स्पर्धा करत. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकला ३.१२५ बिटकॉइन मिळतात, सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे जगभर मिळून दिवसाला साधारण ४५० नवी बिटकॉइन. त्यात एका यंत्राचा वाटा नखाएवढाही नाही. आणि तुमच्या पेटीत तर चार्जर होता.

कर नाही, असेही तुम्ही सांगितलेत. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर अधिभार आणि उपकर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्याच वर्षी जुलैपासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. ही गोष्ट लपवली तरी तुम्हाला फरक पडणार नव्हता, कारण कुणाचे नाणे विकले जाणारच नव्हते.

तुमच्यासारखे आमच्या भागाने आधी पाहिलेले आहेत. २०१९ मध्ये इस्लामपुरात कडकनाथ कोंबडीचा घोटाळा झाला. पिल्ले घ्या, अंडी आम्ही चढ्या भावाने घेतो. पिल्ले मोठी झाली, अंडी झाली आणि घेणारे गायब. पुणे पोलिसांनीही २०१८ मध्ये गेनबिटकॉइनचा सूत्रधार अमित भारद्वाज याला पकडले. महिन्याला १० टक्के, अठरा महिने, असे त्यांचे आमिष होते. पुढे लोकांच्या बिटकॉइनच्या बदल्यात त्यांना एमकॅप नावाचे घरचेच टोकन मिळाले. सक्तवसुली संचालनालयाच्या आरोपानुसार २०१७ च्या भावाने ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन त्यात गोळा झाले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते प्रकरण सीबीआयकडे गेले. तुम्ही यातून एवढेच शिकलात की नुसते नाणे आता खपत नाही. त्याला छतावर दिसणारी, हात लावता येणारी वस्तू जोडावी लागते. पॅनेल दिसले की माणसाला वाटते, निदान वस्तू तरी आपल्याकडे आहे. त्या भरवशावर बाईंनी सही केली.

आणि वस्तूही कुठली निवडलीत! ज्या जिल्ह्यात शेतकरी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत दहा टक्के भरून पंपाची वाट पाहतो आहे, दिवसा पाणी देता येईल, रात्री विंचूकाट्यात जावे लागणार नाही म्हणून, त्याच जिल्ह्यात तुम्ही सौर पॅनेल हा शब्द संशयाचा केलात. गेल्या महिन्यात एका घरी सगळे ठरले होते. आजोबांनी शेवटच्या क्षणी नाही म्हटले. ‘शेजारच्या गल्लीत बाईंचे काय झाले ते पाहिले आम्ही.’ त्या घराचे बिल पुढची वर्षानुवर्षे आहे तसेच येत राहील. त्या पैशांवरही तुमचे नाव आहे.

आता पुढचे. बाईंच्या आणि इतरांच्या तक्रारी आर्थिक गुन्हे शाखेकडे दिल्या आहेत. करार, बँकेच्या पावत्या, हॉलमधल्या माहितीपत्रकाची प्रत, पेटीचे आतून काढलेले फोटो आणि रात्री सरकणाऱ्या आकड्याचा व्हिडिओ, सगळे जोडले आहे. पैसे गोळा करून अवास्तव परतावा देण्याच्या योजनांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे, २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा आहे, सभासद जोडायच्या साखळीसाठी १९७८ चा कायदा आहे. कुठले कलम लागते ते पोलीस पाहतील. तुमचे जे सभासद अजून ‘केवायसी होईल’ म्हणून गप्प बसले आहेत, त्यांना याच पत्रातून सांगतो. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, आपली कागदपत्रे आणि अ‍ॅपचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, अ‍ॅप काढून टाकू नका. नाणी सोडवण्यासाठी ‘प्रोसेसिंग फी’ मागणारा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका, आणि छतावरचा इन्व्हर्टर परवानाधारक माणसाकडून तपासून घेईपर्यंत बंद ठेवा.

बाईंचा संच मी बंद केला आहे. ठीक निघालेली पॅनेलसुद्धा सिरियल नंबर नसल्यामुळे अनुदानात बसत नाहीत. त्यामुळे त्यांचा दीड किलोवॅटचा नवा अर्ज सूर्यघरच्या पोर्टलवर भरला आहे. टाकीची सावली टाळून पूर्वेकडच्या बाजूला स्ट्रक्चर घेतो आहोत. तुमची पेटी पंचनाम्यासाठी तशीच ठेवली आहे, स्क्रूसकट.

आणि साहेब, बाईंचे साडेचार लाख परत करायचे आहेत. नाण्यांत नको, हप्त्यांत नको, ‘नव्या योजनेत वळते करून’ तर अजिबात नको. त्यांच्या बँक खात्यात भरा. खाते क्रमांक तुम्हाला विचारावा लागणार नाही. करारावर तो तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून घेतला आहे.

सांगलीचा एक सोलरवाला